बळ आणि तोल

एखादी जुनी वस्तु सुधारावयास घेतली म्हणजे ती वस्तु सुधारते, कीं ती जाऊन तिच्या जागीं दुसरीच वस्तु येते? हा प्रश्न आजचा नव्हे. ग्रीकांनीं तो थीसिअसच्या जहाजाच्या निमित्तानें विचारला. एकेक फळी बदलतां बदलतां सारें जहाज नवें झालें, तर तें थीसिअसचें म्हणावें कीं नाहीं? आपल्याकडे मिलिंद राजा व भिक्षु नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादांत तोच प्रश्न रथाच्या रूपानें आला आहे. या थोर परंपरेच्या मागोमाग एका मोटारगाडीची गोष्ट सांगणें कोणास औद्धत्याचें वाटेल. पण रथ आणि जहाज हींही त्या त्या काळचीं वाहनेंच होतीं; आणि प्रश्न खरा असेल तर तो राजसभेंत विचारला काय आणि गराजांत विचारला काय, त्याची प्रतिष्ठा कमी होत नाहीं.

आमचे एक बालमित्र गेलीं वीस-बावीस वर्षें इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ राहतात. विद्यार्थिदशेंत चित्रें पाहून मनांत धरलेली इच्छा त्यांनीं पन्नाशीनंतर पुरी केली, आणि १९७२ सालीं बनलेली एक एम्. जी. बी. विकत घेतली. ही दोन आसनांची, उघड्या छताची, ठेंगणी गाडी. दिसावयास मोठी डौलदार, पण चढावर ती धापा टाकी. म्हणून तिच्या इंजिनाचें बळ वाढविण्यासाठीं त्यांनीं दोन हजार पौंड बाजूस काढले. याहून एक पौंडही अधिक खर्चावयाचा नाहीं, असा घरांत ठराव झाला. त्या दोन हजार पौंडांचें काय झालें हें सांगतां सांगतां बळ, मर्यादा व स्वत्व यांविषयीं कांहीं विचार वाचकांपुढें ठेवावे, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम गाडीच्या कुळाची ओळख करून घेऊं. एम्. जी. हीं अक्षरें ‘मॉरिस गराजेस’ या ऑक्सफर्डच्या पेढीच्या नांवावरून आलीं. १९२२ सालीं त्या पेढीचे व्यवस्थापक झालेले सेसिल किंबर यांनीं मॉरिसच्या साध्या, स्वस्त गाड्यांच्या सांगाड्यावर ठेंगणीं व चपळ शरीरें चढविण्यास प्रारंभ केला. म्हणजे ज्या वंशाला आज रसिक लोक अभिजात म्हणतात, त्याचा मूळारंभच मुळीं बेताच्या पैशांत केलेल्या सुधारणेपासून झाला. एम्. जी. बी. ही १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन या लहानशा गांवीं तयार होत होती, व तिच्या गाड्यांची संख्या पांच लाखांवर गेली. तिचें चार सिलिंडरांचें इंजिन १७९८ घन सेंटिमीटरांचें. नवें असतां तें सुमारें ९५ अश्वशक्ति देई. हें यंत्र खास शर्यतीसाठीं जन्मलेलें नव्हे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेंतील तें एक इंजिन. त्याचीं भावंडें चारचौघांसारख्या कौटुंबिक गाड्यांत राबत. त्यांपैकींच १४८९ घन सेंटिमीटरांचें धाकटें भावंड आपल्या ॲम्बॅसडर गाडींत अनेक वर्षें होतें. कलेक्टरांची पांढरी गाडी असो, कीं लग्नाच्या वरातीस भाड्यानें आणलेली फुलांनीं मढविलेली गाडी असो, तिचें बॉनेट उघडून ज्या मिस्त्रीनें उभा जन्म काढला, त्याला ॲबिंग्डनचें हें इंजिन परकें वाटणार नाहीं.

आतां आमच्या मित्राची चूक. चूक म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे, कारण त्यांच्या जागीं आम्ही असतों तर आम्हींही तीच केली असती. बळ हवें म्हटल्यावर बळ देणारी वस्तु आणावी, हा सरळ हिशेब करून त्यांनीं प्रथम शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसला एक कॅमशाफ्ट विकत आणला. कॅमशाफ्ट म्हणजे ज्याच्या फुगवट्यांमुळें इंजिनाचे व्हॉल्व उघडतात व मिटतात तो दांडा. शर्यतीच्या दांड्याचे फुगवटे अशा घडणीचे असतात, कीं व्हॉल्व अधिक वेळ उघडे राहतात. त्यामुळें इंजिन वेगानें फिरूं लागलें म्हणजे त्यांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण अधिक भरतें. पण इंजिन सावकाश फिरत असतां तेच उघडे व्हॉल्व घात करतात. आंत घेतलेलें मिश्रण धड कोंडलें जात नाहीं, आणि यंत्र गचके खाऊं लागतें. असला कॅमशाफ्ट बळाचें दान करीत नाहीं. तो खालच्या वेगाचें बळ काढून वरच्या वेगाला उसनें देतो. शर्यतीच्या मैदानावर खालच्या वेगाशीं कोणास कर्तव्य नसतें, म्हणून तेथें तो व्यवहार फायद्याचा होतो. गांवच्या रस्त्यावर माणसाचें अर्धें आयुष्य खालच्याच वेगांत जातें.

त्या सुमारास आम्ही त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलों होतों. मोठ्या उत्साहानें त्यांनीं आम्हांस गाडींतून फिरविलें. प्रत्येक लाल दिव्यापाशीं गाडी हिंवतापाच्या रोग्यासारखी कांपे, आणि दोनदां तर ती बंदच पडली. घरीं आल्यावर वहिनी चहा देतांना म्हणाल्या, “भावजी, आधीं ही गाडी हळू चालत होती. आतां तिला हळू चालतांच येत नाहीं.” मग थोडें थांबून त्यांनीं यजमानांकडे न पाहतां विचारलें, “एवढा जोर हवा आहे, तो कोठें जाण्यासाठीं?”

मित्र हंसले, आम्हीही हंसलों. पण त्या प्रश्नाचें उत्तर आम्हां दोघांपैकीं कोणापाशींही नव्हतें.

यानंतर जें घडलें त्यांत एका वृद्ध इंग्रज मिस्त्रीचा हात होता. त्यानें गाडीकडे पाहून किती अश्वशक्ति पाहिजे, असें विचारलेंच नाहीं. त्यानें प्रत्येक सिलिंडरांतील दाब मोजला. तिघांचा दाब जवळजवळ सारखा, आणि चौथ्याचा फारच कमी भरला. हेड उतरवून पाहतां त्या सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व जळलेला, व त्याची बैठक झिजून खोल गेलेली आढळली. याचें कारण समजण्यासारखें आहे. पूर्वीच्या पेट्रोलांत शिशाचा अंश मिसळलेला असे, व त्याचा सूक्ष्म लेप व्हॉल्वच्या बैठकीस झिजेपासून वांचवी. शिसें आरोग्यास विघातक म्हणून २००० सालाच्या आरंभीं ब्रिटनमध्यें तें पेट्रोल सर्वसाधारण विक्रींतून गेलें, आणि जुन्या इंजिनांतील मऊ बिडाच्या बैठका उघड्या पडल्या. त्यांवर उपाय म्हणजे तेथें कठीण धातूचीं कडीं बसविणें. याशिवाय दोन्ही कार्ब्युरेटरांतील झडपांचे दांडे झिजून सैल झाल्यामुळें फटींतून नको ती हवा आंत शिरत होती. आणि ठिणगीची वेळ साधणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या स्प्रिंगा इतक्या सैलावल्या होत्या, कीं ठिणगी योग्य क्षणीं पडतच नव्हती. मित्रांनीं गाडी फिरत्या रुळांवर चढवून मागच्या चाकांपाशीं शक्ति मोजविली होती. ती अवघी ५८ अश्वशक्ति भरली होती. हे दोष दूर करून व शर्यतीचा कॅमशाफ्ट काढून सौम्य घडणीचा घातल्यावर तीच ६९ झाली. म्हणजे बहुतांश नवें असें बळ कांहीं आलेंच नव्हतें. होतें तें परत मिळालें होतें.

आमच्या मतें या गोष्टींतील पहिली शिकवण ही. ज्याला आपण सामर्थ्याची उणीव म्हणतों, ती पुष्कळदां आरोग्याची उणीव असते. आजाऱ्याला आधीं शक्तीचें औषध द्यावें आणि मग आजार शोधावा, असें कोणी वैद्य करणार नाहीं. पण स्वतःच्या बाबतींत, संस्थांच्या बाबतींत आपण नेमकें हेंच करतों. शाळेंत मुलें शिकत नाहींत म्हटलें कीं नवा विषय घालावा, संसारांत पैसा पुरत नाहीं म्हटलें कीं नवा उद्योग काढावा. गळती कोठें आहे हें पाहण्याचा कंटाळा, आणि नव्या वस्तूच्या आगमनाचा मात्र उत्साह! खिसा भरलेला असता तर आमच्या मित्रांनीं त्या जळक्या व्हॉल्वसकट सगळें इंजिनच फेकून दिलें असतें, व आपल्या गाडींत काय बिघडलें होतें तें त्यांस कधींच कळलें नसतें. दोन हजारांच्या मर्यादेनें त्यांस विचारणें भाग पाडलें. दारिद्र्याचें गुणगान करणारांपैकीं आम्ही नव्हों. पण मर्यादा आणि दारिद्र्य या एक नव्हेत. मर्यादा ही कित्येकदां विवेकाची दाई असते.

दुसरी शिकवण हेडच्या कामांत मिळाली. इंजिन हें मूलतः हवा आंत ओढणारें व बाहेर टाकणारें यंत्र आहे. जितका त्याचा श्वास मोकळा, तितकें त्याचें बळ. ‘बी’ मालिकेच्या हेडची अडचण अशी, कीं चार सिलिंडरांस हवा आंत घेण्याच्या वाटा दोनच. पहिल्या-दुसऱ्यांत एक, तिसऱ्या-चौथ्यांत एक. चाळींतल्या सामाईक नळासारखा हा प्रकार आहे. एका बिऱ्हाडाची घागर पुरती भरली नाहीं तोंच शेजारचें बिऱ्हाड आपली घागर लावतें. बाहेर जाणाऱ्या धुराच्या वाटाही तीनच. मधल्या दोघांस मिळून एक. ही मूळची घडण. ती पालटतां येत नाहीं. पण त्या वाटांतील अडथळे दूर करतां येतात. ओतकामांत राहिलेल्या धारा, व्हॉल्वच्या मानेपाशीं आलेला कंगोरा, हेड व मॅनिफोल्ड यांच्या सांध्याशीं पडलेली पायरी, हें सर्व घासून काढून हवेला सुरेख वळण देतां येतें.

हें काम मित्रांनीं एका हिवाळ्यांत बागेंतल्या खोपटांत बसून स्वतःच्या हातांनीं केलें. मिस्त्रीनें त्यांस एकच ताकीद दिली होती: वाट मोठी करूं नका, सुधारा. नवशिक्याला वाटतें कीं जितकें भोंक रुंद तितकी हवा जास्त. पण वाट प्रमाणाबाहेर रुंद झाली म्हणजे तींतून जाणाऱ्या हवेची गति मंदावते, आणि खालच्या वेगांत बळ घटतें. शिवाय बिडाच्या भिंतीपलीकडे पाणी खेळत असतें. हांवेनें घासतां घासतां भिंत फुटली तर हेडच वाया जावयाचें. घासलेलें बीड पुन्हा चिकटवितां येत नाहीं. कोणत्याही सुधारकानें हें वाक्य मनांत बाळगावें असें आम्हांस वाटतें.

येथें दोन बाजूंनीं दोन आक्षेप येतात. पहिला शुद्धिवाद्यांचा. ते म्हणतात, कारखान्यांतून गाडी जशी निघाली तशीच ती राखली पाहिजे. तिच्यांत फेरफार करणें म्हणजे जुन्या पोथींत आपल्या पदरचे श्लोक घुसडणें होय. आक्षेप हलका नाहीं. पण कोणती गाडी मूळची मानावयाची? १९६४ च्या उत्तरार्धांत कारखान्यानेंच या इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीन बेअरिंगांऐवजीं पांचांवर बसविला. पुढें अमेरिकेंतील धुराच्या नियमांसाठीं तिकडे जाणाऱ्या गाड्यांचे दोन कार्ब्युरेटर जाऊन एकच राहिला, आणि त्यांची शक्ति साठाच्या घरांत उतरली. यांतील खरी एम्. जी. बी. कोणती? ब्रिटनमध्यें तर २०१८ सालीं कायद्यालाच हा प्रश्न सोडवावा लागला. चाळीस वर्षांवरील गाड्यांस वार्षिक तपासणींतून सूट देतांना, गेल्या तीस वर्षांत ज्यांच्यांत मोठा फेरबदल झाला त्यांस ती नाहीं असें ठरलें. आणि त्याच मूळ इंजिनाचें कमीअधिक आकाराचें रूप बसविलें तर तो मोठा फेरबदल मानूं नये, असाही खुलासा झाला. म्हणजे कायद्यानेंही स्वत्व एकेका भागांत शोधलें नाहीं, कुळांत शोधलें. नागसेनाच्या युक्तिवादाचें मर्मही याहून फार दूर नाहीं: रथ हा कोणत्या एका अवयवांत नसतो, त्या सर्वांच्या परस्परसंबंधांमुळें त्यास रथ हें नांव मिळतें.

तरीही शुद्धिवाद्यांच्या म्हणण्यांतील सत्यांश आम्हीं स्वीकारतों. ज्या बदलापासून परत फिरतां येतें तो बदल, आणि ज्यापासून येत नाहीं तो, यांत नीतीच्या दृष्टीनेंही भेद आहे. मित्रांनीं गाडीचा मूळचा कॅमशाफ्ट व एक्झॉस्टचा मूळ नळ तेल लावून, कापडांत गुंडाळून ठेवला आहे, व केलेल्या प्रत्येक फेरफाराची वहींत नोंद केली आहे. पुढें गाडी ज्याच्या हातीं जाईल त्याला ती वही मिळावी. सुधारणा लपविली कीं ती फसवणूक होते.

दुसरा आक्षेप बळाच्या उपासकांचा. ते म्हणतात, हें घासणें-पुसणें कशाला? मोठें इंजिनच घाला. याविषयीं एम्. जी. बी.चाच इतिहास बोलका आहे. १९६७ सालीं कारखान्यानें याच शरीरांत २९१२ घन सेंटिमीटरांचें, सहा सिलिंडरांचें, १४५ अश्वशक्तीचें इंजिन बसवून एम्. जी. सी. ही गाडी काढली. तें इंजिन जुन्याहून सुमारें ९५ किलोंनीं जड होतें. गाडीचें नाक जड झालें, वळणावर ती हट्ट करूं लागली, टीकाकारांनीं नांवें ठेवलीं, आणि सुमारें नऊ हजार गाड्यांनंतर १९६९ मध्यें तिचें आयुष्य संपलें. पुढें केन कॉस्टेलो नांवाच्या गृहस्थानें त्याच शरीरांत रोव्हरचें ३५२८ घन सेंटिमीटरांचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसवून दाखविलें, आणि मागाहून कारखान्यानेंही १९७३ ते १९७६ या काळांत तशा २५९१ गाड्या बनविल्या. हें इंजिन सी.च्या इंजिनाहून आकारानें मोठें. पण तें ॲल्युमिनियमचें असल्यामुळें मूळच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाहून फारसें जड नव्हतें, व गाडीचा तोल टिकला. तेव्हां बळ वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. सी. निंदेस पात्र झाली ती बळानें नव्हे, बिघडलेल्या तोलानें.

पण दोन हजारांत आठ सिलिंडर मागणाऱ्यानें एक गणित करावें. ताशीं ५० मैलांऐवजीं गाडी ६० मैलांनीं धांवूं लागली तर वेग एक पंचमांशानेंच वाढतो. परंतु ती थांबवितांना ब्रेकांस जी ऊर्जा गिळावी लागते, ती ४४ टक्क्यांनीं वाढते. म्हणजे इंजिनामागोमाग ब्रेक आले, टायर आले, रेडिएटर, गिअरबॉक्स व स्प्रिंगा आल्या. ज्याची थैली इंजिनापाशींच रिकामी झाली तो अर्धी सुधारणा घेऊन रस्त्यावर येतो, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत कोणी तरी तिसराच देतो: रस्ता ओलांडणारें शाळकरी मूल, सायकलवरून घरीं निघालेला कामकरी. सार्वजनिक रस्त्यावर बळ ही खासगी बाब राहत नाहीं.

ही गोष्ट आमच्या मित्रांस कशी कळली तें सांगण्यासारखें आहे. हेडचें काम संपलें तेव्हां त्यांच्यापाशीं तीनशें पौंड उरले होते, व त्यांत नवा एअर फिल्टर आणि चकचकीत नळ्या घ्याव्या असें त्यांच्या मनांत होतें. वहिनींनीं मात्र हट्टच धरला, कीं आधीं ब्रेक उघडून पाहा. पुढच्या चाकाकडे जाणारी रबराची एक नळी काढली तों ती एके ठिकाणीं फुगून बेडकासारखी झालेली होती. आणखी किती दिवस ती टिकली असती, कोणास ठाऊक. ती फुटलेली नळी आणि ६९ ची ८० होऊं घातलेली अश्वशक्ति यांचा संयोग कोणत्या उतारावर झाला असता, याचा विचार आम्ही आजही फार वेळ करीत नाहीं. उरलेले तीनशें पौंड ब्रेकच्या नळ्या, पॅड आणि दोन टायर यांत गेले. चकचकीत नळ्या राहिल्या.

कोणी विचारील, जगांत एवढी विवंचना असतां जुन्या गाडीच्या हौसेवर दोन हजार पौंड खर्चणें हेंच मुळांत नीतीला धरून आहे काय? या प्रश्नाला आमच्यापाशीं पूर्ण उत्तर नाहीं. असली गाडी धूर अधिक सोडते. ती फार चालविली जात नाहीं, एवढें म्हणून तो दोष धुतला जात नाहीं. हौस ही हौसच. तिला पुण्याचा मुलामा देऊं नये. मात्र हौशीलाही नीति असते. ठरविलेल्या रकमेच्या आंत राहणें, शेजाऱ्याची झोंप न मोडणें, थांबण्याची शक्ति धांवण्याच्या शक्तीच्या आधीं मिळविणें, आणि जें घासून जावयाचें आहे त्याला हात लावण्यापूर्वीं दोनदां विचार करणें, एवढें जिनें शिकविलें ती हौस अगदींच वाया गेली असें आम्हांस म्हणवत नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही पुन्हा तिकडे गेलों. ब्रॉडवे गांवाबाहेर फिश हिल नांवाचा लांब चढ आहे. पूर्वीं या चढावर गाडी मेटाकुटीस येई. यावेळीं ती एका लयींत, कुरकुर न करतां वर गेली. रुळांवर मोजलेली शक्ति आतां ८० होती. नव्या जमान्याच्या कोणत्याही साध्या गाडीनें तिला मागें टाकलें असतें, आणि एकीनें टाकलेंही. मित्रांस त्याचें कांहीं वाटलें नाहीं. माथ्यावर गाडी उभी करून आम्ही खालची दरी पाहत बसलों. जोर कोठें जाण्यासाठीं हवा, या जुन्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशींही कोणी दिलें नाहीं, आणि वहिनींनींही तो पुन्हा विचारला नाहीं.

परत येतांना मित्रांनीं किल्ली त्यांच्या हातीं दिली. उतार लागण्यापूर्वीं त्यांनीं एकदां ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा एकदां दाबून पाहिला, आणि मगच गाडी खालीं सोडली.